लाईन कुठून आली

प्रिय रवी,

फोन लागत नाही म्हणून पत्र लिहिते आहे असं समजू नकोस. लागला असता तरी हे मी लिहूनच पाठवलं असतं. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मग मला पुढचं बोलता येत नाही. शिवाय सुकन्या सारखी जवळ असते. गल्लीतला हरिओम कोर्टाच्या तारखेला बीडला येतो आहे, त्याच्या हाती हे देते. पाकीट डिंकाने नीट चिकटवलं आहे. तुझ्या हातात पडताना ते सुटलेलं दिसलं, तर वाटेत कुणीतरी वाचलं असं समज. आधी माझ्या मनात असलं काही आलं नसतं. आता कुणी दारात येऊन पाणी मागितलं तरी मी आधी त्याचं तोंड बघते.

आई-अण्णा बरे आहेत. अण्णांनी मेंढ्या तेलगावच्या अलीकडे, कापूस मोडलेल्या एका रानात बसवल्या आहेत. रानमालक खताच्या बदल्यात ज्वारी देतो म्हणाला आहे. आई त्यांच्यासोबत पालावर राहते आणि इकडे येणाऱ्या प्रत्येकाजवळ एकच निरोप पाठवते, वेळेवर जेवत जा. तुझी चौकशी करते. रविराज बीडला कामाला लागला एवढंच मी कळवलं आहे. काय काम, कुणाकडे, हे सांगता आलं नाही, कारण मलाच नीट माहीत नाही. सुकन्या शाळेत जाते. आल्यावर दप्तर ठेवते आणि कुणी न सांगता शेळीला पाणी दाखवते. परवा म्हणाली, "आई, मामा आपल्यावर रुसलाय का?" मी म्हणाले, नाही. मग ती म्हणाली, "मग आपण त्याच्यावर रुसलोय का?" मी तिला शेळी बांधायला पाठवलं.

आई-अण्णा मेंढ्यांमागे गेले की घरी आपण दोघंच असायचो, ते दिवस तुला आठवत असतील. मी भाकरी थापायची आणि तू चुलीपाशी बसून पाठांतर करायचास. इंग्रजीच्या धड्यात लाईन हा शब्द आला तेव्हा शाळेतल्या, कव्हर फाटलेल्या शब्दकोशात तू तो शोधलास आणि वैतागून माझ्याकडे आलास. रेघ, ओळ, रांग, दोरी, सुरकुती, घराणं, धंदा. "अक्का, एकट्या शब्दाला एवढी कामं कावून लावली?" असं तू विचारलं होतंस. मी म्हणाले होते, गुरुजी विचारतील तेवढा एक अर्थ पाठ कर, बाकीचे सोडून दे. पुढे कळलं की आपल्या लोकांनी त्या शब्दाला शब्दकोशापेक्षाही जास्त राबवलं आहे. वीज गेली की लाईन गेली. नळाची लाईन फुटली. रेशनला लाईन लागली. तू बारावीला सायन्स लाईन घेतलीस, ती झेपली नाही, तेव्हा अण्णा म्हणाले, "पोरगं लाईन सोडून चाललंय." मग तुझ्या दाजींनी तुला आमच्या गावात बोलावून घेतलं, मारुतीच्या देवळामागची खोली बघून दिली, डेअरीतली सगळी वायरिंग स्वतःच्या हाताने केली, दुधाचा कूलर जोडला, जनरेटर जोडला, आणि आई पाहुण्यारावळ्यांत सांगत सुटली की रविराज आता लाईनीला लागला. दूध न्यायला टेम्पो गावोगाव फिरतो त्यालाही तुम्ही लाईनच म्हणता. दाजी तुला चिडवायचे. "रव्या, तुझ्या तीन लाईनी हायेत. एक दुधाची, एक मोबाईलची आन तिसरी मेडिकल दुकानातली. तिसरीला आधी अर्थिंग दे बे, न्हाईतर झटका बसंल." तू लाजून कॅन धुवायला निघून जायचास आणि मी आत हसायचे.

ते गेल्यापासून या शब्दाने माझा पिच्छा धरला आहे. दुखवट्याला आलेलं प्रत्येक माणूस तो उच्चारतं, प्रत्येकाला त्यातून वेगळंच सांगायचं असतं, आणि मी प्रत्येकाच्या बोलण्यामागे काहीतरी शोधत बसते. एक पाहुणे म्हणाले, "त्यांची लाईनच तशी व्हती, आज ना उद्या हे व्हनारच." माणूस साधा आहे, सहज बोलला असेल. पण मला वाटलं, याला असं बोलायला कुणी पाठवलं तर नाही? माजी सरपंच मोहनराव आले. ते म्हणाले, "वहिनी, गहिनीनाथला आमी सोडत न्हाई. सगळं लाईनीवर आणलंय, वरपर्यंत बोलणं झालंय." काय लाईनीवर आणलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चहा घेताना ते माझ्याकडे बघत नव्हते, दारात जमलेल्या माणसांकडे बघत होते. मागच्या उन्हाळ्यात वीज मंडळाच्या या गहिनीनाथने त्यांच्या शेतातले, चोरून वीज घ्यायला तारेवर टाकलेले आकडे काढून नेले होते आणि भर चौकात दाखवले होते. तेव्हा मोहनराव काही बोलले नव्हते. आता बोलायला त्यांना माझ्या घरची ओसरी मिळाली आहे. मला हे दिसत नाही असं नाही, पण दिसूनही तेव्हा मला ते हवंच होतं. कुणीतरी माझ्या बाजूने रागावलेलं असावं असं वाटत होतं.

पुढचं सगळं तुला माहीत आहे. तरी मी क्रमाने लिहिते, कारण क्रम लावल्याशिवाय मला काही उमगत नाही. तुझ्या दाजींना गाव लाईनमन म्हणायचं. खरा लाईनमन गहिनीनाथ. नोकरी त्याची, पगार त्याला. पण त्याच्याकडे इतकी गावं दिलेली की प्रत्येक खांबावर तोच चढायला लागला तर घरी जेवायला पोचायचा नाही. म्हणून गावोगाव एकेक झिरो वायरमन असतो. कागदावर नाव कुठेच नाही म्हणून झिरो, खांबावर पाय मात्र त्याचाच. हे चुकीचं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्यांचं त्याच्यावरच चालतं. गहिनीनाथने सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घ्यायची आणि यांनी वर चढायचं. पण हे नुसत्या फोनवर भरवसा ठेवणारे नव्हते. चढायच्या आधी डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले आमच्या गल्लीचे फ्यूज स्वतः काढून कमरेच्या पिशवीत टाकायचे. एवढं करून खांबाखाली उभे राहायचे आणि मला फोन करायचे. हल्ली घराघरात चार्जिंगचे बल्ब आहेत, लाईन गेली तरी ते जळत राहतात. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी मुद्दाम जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्ब ठेवला होता. तो दिवसाही बंद करायचा नाही असा नियम. "बल्ब बघ गं," एवढंच म्हणायचे. मी "गेलाय" म्हटलं की फोन खिशात आणि पाय खांबावर. आम्ही फार बोलणारी माणसं नव्हतो. लग्नापासून एकमेकांशी सगळ्यात जास्त वेळा काय बोललो असू, तर हेच.

त्या सकाळी उसाची ट्रॉली गल्लीतून गेली आणि वर रचलेल्या उसात अडकून तार तुटली. ट्रॅक्टरवाला थांबलासुद्धा नाही. हे चहा अर्धा ठेवून उठले. थोड्या वेळाने फोन आला. बल्ब गेलेला होता, मी तसं सांगितलं आणि पीठ मळायला बसले. मग बल्ब लागला. कसा लागला ते आता नीट लिहिते, कारण तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आधी आतली तार नुसती लाल झाली, निखाऱ्यावर हळू फुंकर घालावी तशी. मग लख्ख झाली. मग पुन्हा लाल होत होत विझून गेली. मी पिठाच्या हाताने फोन लावला. तो वाजत राहिला. तेवढ्यात चौकातून आरडाओरडा ऐकू आला.

पोलिसांना मी एवढंच सांगितलं की मध्येच लाईन आली होती. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. त्यावरून गहिनीनाथ निलंबित झाला. गाव म्हणालं, त्याने सबस्टेशनला लाईन सोडायला सांगितलं, खांबावर माणूस आहे याचं भान ठेवलं नाही. मीही तेच धरून बसले. तो दुखवट्याला आला तेव्हा मी बाहेर आले नाही. ओसरीवर तो बराच वेळ बसून होता. कुणी त्याला पाणी विचारलं नाही. उठला तेव्हा त्याची एक चप्पल जागेवर नव्हती, कुणीतरी गटारीत फेकली होती. ती तो शोधत होता आणि मी खिडकीतून बघत होते. मला बरं वाटलं, रवी. खोटं कशाला सांगू.

संक्रांतीनंतर त्याची बायको, मंगल, मागच्या दाराने आली. बसली नाही. म्हणाली, "बाई, शिव्या देयच्या तर द्या, पन एक सांगा मला. आमी राहतो वढ्याच्या पलीकडं. डीपी येगळी हाय पन मागून येनारी लाईन तुमची-आमची एकच. त्या दिशी आमच्याकडं दिवेलागणीपतुर लाईन न्हवती. मग तुमच्या गल्लीला कुठून आली?" मी म्हणाले, मला काय माहीत. ती म्हणाली, "मलाबी न्हाई. त्येंनाबी न्हाई. जेवताना मधीच घास ठिवत्यात आन म्हनत्यात, मी बंद करून घेतलती, मी सोता इचारून घेतलतं." एवढं बोलून ती गेली. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिला नवऱ्याने पढवून पाठवलं. म्हणून मी शेजारच्या भामाबाईंना आडून विचारलं की त्या दिवशी पलीकडच्या गिरणीवर कोण गेलं होतं का. त्या म्हणाल्या, "मीच गेलते की. बाजरीचं दळण तसंच डोक्यावर घेऊन माघारी आले. गिरणीवाला म्हणला, लाईनच न्हाई, दुपारून या." म्हणजे मंगल खोटं बोलली नव्हती.

मग मी यांची पिशवी खुंटीवरून काढली. दवाखान्यातून परत मिळाली तेव्हापासून ती तशीच टांगलेली होती, सुकन्यालाही हात लावू दिला नव्हता. पक्कड, पेचकस, चिकटपट्टी. तंबाखूची पुडी, जी सोडली म्हणून मला सांगितलं होतं. आणि तळाशी चिनीमातीचे ते पांढरे फ्यूज. आमच्या गल्लीचे, सगळे. त्या संध्याकाळी तेलगावकडून दुसरा लाईनमन लाईन चालू करायला आला होता. पेटीत फ्यूज नाहीत असं बघून तो म्हणाला होता, गावातल्यांनी चोरले वाटतं, आणि नुसत्या तारा गुंडाळून लाईन चालू करून गेला. कुणाला त्यात काही वाटलं नाही. फ्यूज चोरीला जातातच. पण ते चोरीला गेले नव्हते. ते यांच्या कमरेला होते. फ्यूज काढलेले असताना सबस्टेशनवाल्याने लाईन सोडली असती, तरी ती डीपीच्या अलीकडे, आमच्या गल्लीत येऊच शकत नव्हती. एवढी वीज मलाही कळते, त्यांच्या घरात राहून कळायला लागली.

मग बल्ब कशावर लागला? मी पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि त्या सकाळचे आवाज आठवायला लागले. रोजचे आवाज माणूस ऐकतो आणि लगेच विसरतो. तुझी डेअरी आमच्याच गल्लीच्या तारेवर, तिचा जनरेटर आमच्या घरी रोज ऐकू यायचा. लाईन गेली की थोड्या वेळात तो सुरू व्हायचा, कारण दूध तापलं की नासतं. म्हणून त्या दिवशी तो सुरू झाला हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. आता आठवतं. तो सुरू झाला आणि बल्बची तार लाल झाली. मग भरलेला ट्रॅक्टर चढावर दमावा तसा तो घरघरायला लागला. घरघरत बंद पडला आणि बल्ब विझला. सबस्टेशनची लाईन आली असती तर बल्ब एकदम लागला असता, नेहमी लागतो तसा. हा निखाऱ्यासारखा लागला. एका डेअरीच्या जनरेटरवर आख्ख्या गल्लीचा भार आला तर तो असाच दमणार आणि बंद पडणार. बंद पडायच्या आधी जेवढी वीज त्याने दिली, तेवढी पुरली.

डेअरीची किल्ली तू माझ्याकडेच ठेवून गेला आहेस. सुकन्या शाळेत गेल्यावर मी कुलूप उघडलं. दिवाळीत तुझा चेंजओव्हर स्विच जळाला होता. त्याच्यामुळेच जनरेटरची वीज बाहेरच्या तारांत जात नाही, हे तुला यांनीच शिकवलं होतं. मी तुम्हा दोघांना वाढत होते तेव्हाचं त्यांचं बोलणं मला आठवतं. "बीडहून नवा आणतो. तवर जनरेटर लावू नको. लावायचाच झाला तर आधी मेन खाली पाड, आन दोनदा बघ. एकदा नव्हं, दोनदा." तू म्हणालास, "दाजी, मी काय लेकरू हाय का?" त्यांना बीडला जायला झालं नाही. ते नवा आणू शकले नाहीत. पण भिंतीवर नवा स्विच आहे, रवी. दांड्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. स्क्रू चकाकतात. बाकीच्या बोर्डावर दूध-पाण्याचे डाग आणि धूळ, आणि त्यात तो एकटाच कोरा. म्हणजे मी आतल्या खोलीत सुतकात बसले होते, तेव्हा तू बीडला जाऊन तो आणलास आणि बसवलास. आणि मग डेअरी बंद केलीस. बंद करायच्या डेअरीला कुणी नवा स्विच बसवतं का? चौकशीला येणाऱ्या माणसांना दाखवायला बसवलास, की ती जळकी जागा तुला बघवेना म्हणून बसवलास, याचा मी पुष्कळ विचार केला. दुसरं खरं असावं असं वाटतं, पण जास्त वेळा पहिलंच खरं वाटतं. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

आणखी एक गोष्ट मी विचारून घेतली. गहिनीनाथचं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं? भामाबाई माझ्यासोबत हरभऱ्याची भाजी खुडत होत्या. त्या तुझं कौतुक करायला म्हणून म्हणाल्या, "तुझा भाऊच की. डेअरीतून पळत आला, हात दुधानं वले, आन वर बघून वरडायला लागला, गहिनीनाथनं लाईन सोडली, गहिनीनाथनं लाईन सोडली. लई जीव तुटला पोराचा." मी भाजी खुडत राहिले. यांना अजून खाली उतरवलंही नव्हतं. कुणाला काही कळलेलं नव्हतं. मग लाईन कुठून आली ते तुला कसं कळलं? कदाचित त्या क्षणी तुला खरंच तसं वाटलं असेल. घाबरलेलं माणूस हाताला येईल ते नाव घेतं. मी तेवढी सूट तुला दिली आहे. पण दुसऱ्या दिवशी पोलिसांसमोरही तू तेच नाव घेतलंस, आणि त्याची चप्पल गटारीत फेकली गेली तेव्हा तू ओसरीवरच होतास.

दहाव्याच्या दिवशी कावळा शिवत नव्हता. तुला आठवत असेल. अण्णांनी हात जोडून सांगितलं, लेकराला सांभाळू. यांच्या भावकीने सांगितलं. मोहनरावांनी पुढे होऊन मोठ्याने सांगितलं की दोषी माणसाला शिक्षा झाल्याशिवाय राहणार नाही. कावळे समोरच्या लिंबावर बसून होते, एकही खाली येईना. मग तू पुढे झालास. पिंडाजवळ गुडघे टेकलेस, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललास, आणि तू मागे सरायच्या आत कावळा आला. बायकांनी घरी येऊन मला सांगितलं की तुझ्या भावाने तुझी जबाबदारी घेतली, म्हणून त्यांचा जीव मोकळा झाला. मी त्या गोष्टीवर कितीतरी दिवस काढले. आता मला नाही वाटत तू तिथे माझ्याविषयी बोललास. तू त्यांना काय कबूल केलंस ते मी विचारणार नाही. ते तुमच्या दोघांतलं. पण जे त्यांना सांगता आलं ते जिवंत माणसांना सांगायला तू अजून आला नाहीस, आणि डेअरी, गाव, भाची, सगळं सोडून बीडला जाऊन बसलास.

आता पत्र कशाला लिहिलं ते सांगते. गुरुवारी सरकारचे विद्युत निरीक्षक ग्रामपंचायतीत येऊन सगळ्यांचे जबाब घेणार आहेत, आणि त्यावर गहिनीनाथची नोकरी राहायची की जायची ते ठरणार आहे. काल मोहनराव येऊन गेले. म्हणाले, "वहिनी, फार काही न्हाई, एवढंच सांगा की वर चढताना परमेश्वरभाऊ म्हणले व्हते, गहिनीनाथच्या सांगण्यावरून चढतो." त्यांनी मला असं काही म्हटलं नव्हतं. बल्ब बघ गं, एवढंच म्हणाले होते. मी मोहनरावांना हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही, कारण माझा होकार गृहीत धरून ते उठले होते. मी गुरुवारी बल्ब कसा लागला ते सांगणार आहे, पिशवी समोर ठेवणार आहे आणि डेअरी उघडून दाखवणार आहे. कायद्याने तुझं काय होईल ते मला माहीत नाही, मी कुणाला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर कदाचित हे पत्र लिहायला हात उचलला नसता. मी नवरा गमावला आहे, आणि लहानपणापासून ज्याला जेवू घातलं तो भाऊही जातो की काय, या भीतीने मी इतके दिवस गप्प राहिले. पण मंगलच्या घरी घास अर्धा ठेवून कुणीतरी उठतं, आणि ते माझ्या एका अपुऱ्या वाक्यामुळे, हे कळल्यावर गप्प राहता येत नाही. हे पत्र धमकी म्हणून वाचू नकोस आणि माफी म्हणूनही वाचू नकोस. माफीचं मला अजून काहीच सांगता येत नाही. बुधवारी दुपारच्या गाडीने निघ. मी तेलगावच्या स्टँडवर एकटी येईन. तिथून आधी आपण गहिनीनाथच्या घरी जायचं, पंचायतीत दुसऱ्या दिवशी. त्याच्यासमोर तोंडून शब्द फुटला नाही तर सुरुवात मी करीन, पुढचं तू बोलायचं. तू आलास तर गुरुवारी मी तुझ्या शेजारी उभी राहीन. आला नाहीस तरी तुझं नाव घेईन, अण्णांच्या नावासकट, पूर्ण. शेवटची गाडी निघून जाईपर्यंत स्टँडवर थांबते. येताना खाऊन येऊ नकोस, घरी स्वयंपाक केलेला असेल.

अजून तरी तुझीच,
अक्का